बाकीचं पान

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडून जिते स्टेशनात थांबते, तेव्हा उतरणारे मोजकेच असतात. पुढचं स्टेशन हमरापूर, मग पेण. हा सगळा पट्टा गणपतीच्या मूर्तींचा. पावसाच्या तोंडी इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये बिनरंगाच्या पांढऱ्या मूर्ती रांगेने उभ्या असतात आणि हवेत ओल्या प्लास्टरचा आणि रंगाचा वास असतो. माझ्या कॉलेजातल्या एका दोस्ताचा इथे कारखाना आहे. एकदा गाडीत शेजारच्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं, मग मी कुठे निघालोय ते विचारलं, आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "तुमचं काय काम तिथं?" मी म्हटलं, "सर्व्हर बसवायचाय." ते पुन्हा गप्प झाले.

काम खरं तर साधं होतं. कारखान्यातली सगळी नोंद दोस्ताचे वडील, म्हणजे आमचे काका, वहीत ठेवायचे. कोणत्या व्यापाऱ्याच्या किती मूर्ती, कुठल्या साच्यातल्या, आखणी झाली की नाही, ॲडव्हान्स किती आला, बाकी किती राहिली. दोस्ताला हे कॉम्प्युटरवर हवं होतं. इंटरनेटवर काही टाकायचं नव्हतं. ऑफिसच्या खोलीत जुना विंडोजचा कॉम्प्युटर होता, राउटर होता. त्याच कॉम्प्युटरवर अपाची हा वेब सर्व्हर बसवायचा, दोन-चार पानं बनवायची आणि शेडमधल्या कारागिरांनी मोबाईलवरून "रंग झाला", "डोळे झाले" एवढं नोंदवायचं.

अपाची बसवला आणि तो सुरूच होईना. लॉगमध्ये विंडोजचा १००४८ नंबरचा एरर, आणि खाली एक ओळ की ऐकायला एकही सॉकेट मिळालं नाही म्हणून बंद होतोय. हे ज्याने पहिल्यांदा पाहिलंय त्याला वाटतं, इन्स्टॉलेशन बिघडलं. तसं नसतं. सर्व्हर हा मुळात कान लावून बसलेला प्रोग्रॅम आहे. कुठे कान लावायचा हे अपाचीच्या फाइलीत 'लिसन' नावाच्या ओळीत लिहिलेलं असतं. मूळ फाइलीत लिहिलेलं होतं 'लिसन ८०'. ८० हा वेबचा ठरलेला पोर्ट, म्हणून ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना तो लिहावा लागत नाही. पण एका पत्त्यावरचा एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो, आणि त्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलचं एक ॲप आधीच ८० वर बसलं होतं. नेटस्टॅट चालवून पाहिलं की कोणता पोर्ट कुणी धरलाय ते कळतं. ते ॲप हुसकावण्यापेक्षा मी ८० चा ८०८० केला, अपाची पुन्हा सुरू केला, आणि पान उघडलं. ८०८० मध्ये काही जादू नाही. पोर्टांचे आकडे ६५५३५ पर्यंत जातात, त्यातला १०२४ च्या वरचा कुठलाही मोकळा आकडा चालतो. लिनक्सवर तर १०२४ च्या खालच्या पोर्टला रूटचे अधिकार लागतात.

दोस्ताने लगेच आपल्या मोबाईलमध्ये १२७.०.०.१ टाकून पाहिलं, कारण कॉम्प्युटरवर मी तेच टाकलं होतं. काही उघडलं नाही. त्याला समजावून सांगितलं की १२७.०.०.१ म्हणजे ज्याचा तो. कॉम्प्युटरवर टाकला तर कॉम्प्युटर स्वतःशी बोलतो, मोबाईलवर टाकला तर मोबाईल स्वतःशी. मोबाईलवरून यायचं तर राउटरने कॉम्प्युटरला दिलेला पत्ता हवा. तो होता १९२.१६८.१.७. विंडोजच्या फायरवॉलने विचारलं, नेटवर्कवरून येऊ देऊ का? मी 'हो' दाबलं. एका कारागिराने खडूने शेडच्या दारावर मोठ्या आकड्यांत पत्ता लिहिला. सगळे खूश. संध्याकाळच्या गाडीने मी परत.

माझी चूक त्या 'लिसन ८०८०' मध्ये होती. चूक म्हणजे लिहिलेलं काही चुकीचं नव्हतं, न लिहिलेलं चुकीचं होतं. लिसनमध्ये पोर्टच्या आधी पत्ता लिहिता येतो. पत्ता लिहिला तर सर्व्हर फक्त त्या पत्त्यावर ऐकतो. नाही लिहिला तर कॉम्प्युटरला जितके पत्ते आहेत तितक्या सगळ्यांवर ऐकतो: केबलचा, वायफायचा, स्वतःचा. मला वाटलं होतं, मी पत्त्याबद्दल काही ठरवलेलंच नाही. मी ठरवलं होतं, सगळ्यांना.

आणि माझ्या पहिल्या पानावर दोन लिंक होत्या: 'काम' आणि 'बाकी'. लॉगिन नव्हतं. "घरातलंच तर आहे" असं म्हणून ते पुढच्या खेपेला ठेवलं होतं.

जित्याला शेडमध्ये मोबाईलची रेंज नीट येत नाही, म्हणून आलेल्या व्यापाऱ्याला चहाबरोबर वायफायचा पासवर्डही दिला जातो. एक व्यापारी टेम्पोची वाट बघत बसला होता. दारावरचे आकडे पाहून त्याने सहज ते टाकले, आणि 'बाकी'वर बोट ठेवलं. ओळीने सगळ्यांची नावं, गावं, रक्कम. त्यात एक लहान विक्रेता होता. आदल्या वर्षी त्याचा माल पावसात भिजला होता आणि दोन वर्षांची बाकी चढली होती. काकांनी ही गोष्ट कुणाला, अगदी मुलालाही, धड सांगितली नव्हती. आठवडाभरात ती बाजारात पोचली. तो माणूस जित्याला आला, बसला नाही, चहा घेतला नाही. उभ्याउभ्याच काकांना म्हणाला, "माझं नाव भिंतीवर लावायचं होतं तर मला सांगायचं. मीच आणून लावलं असतं."

दोस्ताने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मला माझे अब्बा आठवले. रोह्यात त्यांचं किराण्याचं छोटं दुकान होतं. उधारीची वही गल्ल्याजवळ असायची, पण नेहमी उलटी. कुणी गिऱ्हाईक काउंटरवर आलं की लिहिता लिहिता ते वही पालथी घालायचे. मी एकदा वही उघडी टाकून आत पाणी प्यायला गेलो, तेवढ्यासाठी कानाखाली खाल्ली होती. अब्बा एकच शब्द म्हणाले होते, "अमानत." तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. आता पंचवीस वर्षं कॉम्प्युटरचं काम करून मी तीच वही पुन्हा उघडी टाकली होती.

पुढच्या रविवारी पहिल्या गाडीने गेलो. फाइलीत दुसरी ओळ टाकली: लिसन १२७.०.०.१:८०८१. विचार असा की बाकीचं पान ८०८१ वर, फक्त त्याच कॉम्प्युटरपुरतं. बाहेरून कुणी कितीही ठोठावलं तरी त्या पत्त्यावर बाहेरचं माणूस पोचतच नाही. मग मोबाईल घेऊन ८०८० वर गेलो, तर 'बाकी' तिथेही जशीच्या तशी. मिनिटभर मला काही सुचेना. लिसन फक्त कान उघडतं. कोणत्या कानाने ऐकल्यावर काय उत्तर द्यायचं हे ते सांगत नाही; त्यासाठी व्हर्च्युअलहोस्ट हा वेगळा भाग लिहावा लागतो. तो नसेल तर सर्व्हर सगळ्या पोर्टांवर एकच घर दाखवतो. दोन व्हर्च्युअलहोस्ट लिहिले, दोन वेगळी फोल्डरं केली, ८०८० ला फक्त 'काम', ८०८१ ला 'बाकी'. आणि लॉगिन. ते आधीच करायला हवं होतं हे काका बोलले नाहीत. ते शेजारी खुर्ची घेऊन बसले होते आणि फक्त बघत होते.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मी ८०८० च्या ओळीतही आता पत्ता भरला: लिसन १९२.१६८.१.७:८०८०. आता सगळं कसं नेमकं. त्यानंतर दहाएक दिवसांनी रात्री वीज गेली, पहाटे आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने कॉम्प्युटरला ७ ऐवजी ११ दिला. अपाचीला जो पत्ता धरायला सांगितला होता तो त्या कॉम्प्युटरचा उरलाच नव्हता. १००४९ नंबरचा एरर. आणि अपाचीचा नियम असा की लिसनच्या एका ओळीला जागा मिळाली नाही तर तो दुसऱ्यांवरही उभा राहत नाही. शेडच्या दारात टेम्पो, बाहेर पाऊस, आणि कुठली मूर्ती कुणाची हे सांगणारं पान बंद. दोस्त फोनवर ओरडत होता, त्याच्या मागे टेम्पोवाला ओरडत होता. फजरची नमाज होऊन मी नुकताच चहाला बसलो होतो. फोनवरून एकेक अक्षर सांगत फाइल उघडायला लावली, पत्ता काढायला लावला, फक्त ८०८० ठेवायला लावलं. सुरू झालं. मग राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी ७ नंबर कायमचा राखून ठेवला, म्हणजे दारावरचा खडूही पुसावा लागू नये.

म्हणजे शेवटी 'काम'च्या पोर्टला पत्ता नाहीच. तिथे तो नसणंच बरोबर आहे. ते पान सगळ्यांसाठीच आहे. अपाचीच्या जुन्या १.३ आवृत्तीत लिसनची ओळ नसली तरी सर्व्हर चालायचा. २००२ साली आलेल्या २.० पासून ती नसेल तर तो सुरूच होत नाही. निदान पोर्ट तरी माणसाने स्वतः लिहावा लागतो. पत्ता लिहायची सक्ती मात्र अजून नाही.

त्या विक्रेत्याने त्या वर्षी मूर्ती नेल्या नाहीत. पुढच्या वर्षी काका स्वतः त्याच्या गावी जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण मे महिन्यात त्याचा टेम्पो शेडला लागला होता आणि तो आत बसून चहा पीत होता, असं दोस्त म्हणाला.

काकांनी वही काही सोडलेली नाही. कॉम्प्युटरवर दोस्त भरतो, वहीत काका भरतात. मी गेलो की ते चष्मा कपाळावर चढवतात, स्वतःचा मोबाईल काढतात आणि ८०८१ टाकून माझ्यासमोर धरतात. स्क्रीनवर लिहून येतं, पान उघडत नाही.

"येत नाही ना?" ते विचारतात.

"नाही येत, काका."

"मग चहा घे."