लाल स्वल्पविराम

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिचा मूळ पुठ्ठा कधीच गेला, आता कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर आहे. आत आधी प्रवेशगीतं, मग अर्पणाची, ख्रिस्तप्रसादाची, त्यापुढे आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थान. अक्षर माझंच, वयाच्या दहाव्या वर्षीचं, गोल आणि जपून काढलेलं. पण त्या अक्षरांच्या वर जागोजागी लाल पेन्सिलीचा एक स्वल्पविराम आहे. तो माझा नाही, मास्तरांचा. स्वल्पविराम एरवी ओळीच्या पायाशी बसतो, हा ओळीच्या डोक्यावर आहे. जिथे तो दिसेल तिथे श्वास घ्यायचा, बाकी कुठेही नाही.

मास्तरांनी गेल्या महिन्यात आमच्या चर्चचा कॉयर सोडला. 46 वर्षं त्यांनी तो सांभाळला. निरोपाच्या रविवारी आभाराचे दोन शब्द मी बोलावेत असं ठरलं, आणि दोन रात्री मी कोऱ्या कागदासमोर बसून राहिले. तिसऱ्या रात्री कपाटातून ही वही काढली.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. पहाटे वाडीतल्या केळींना बावखलाचं पाणी, मग शाळा, आणि संध्याकाळी सायकल चर्चच्या आवारात. आमचा सराव मागच्या माडीवर व्हायचा. तिथे एक पायपेटी होती. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा नव्या मुलींना तिच्याभोवती उभं केलं, पाय मारत एक सूर धरला आणि मधेच पाय थांबवला. सूर खाली खाली जात विझला. "बघा, हिलासुद्धा श्वास लागतो," ते म्हणाले. त्या दिवशी आम्ही गायलोच नाही. पोटावर हात ठेवून नुसता श्वास घेत बसलो. कुणाचे खांदे वर गेले की मास्तर मागून येऊन दोन बोटांनी खांदा हलकेच खाली दाबायचे. "बाय, श्वास पोटात ठेव. खांद्यावर ओझी ठेवतात."

शब्दाच्या मधे श्वास घेणं ही त्यांच्या लेखी मोठी चूक. सूर चुकला तर ते पुन्हा सूर द्यायचे, ताल चुकला तर मांडीवर हात मारून दाखवायचे. पण शब्द मोडला की पेटी बंद व्हायची. "'तार' म्हणून थांबलीस, तर 'णारा' कुणाचा?" असं ते एकदा माझ्याकडे बघून म्हणाले. 'तारणारा' हा शब्द मी त्यानंतर आजवर अर्ध्यात सोडलेला नाही.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मला खूप उशिरा कळलं. मास्तर लहानपणी वेदीसेवक होते, तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. उत्तरं पाठ असत, अर्थ मोठ्यांनाही ठाऊक नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकांच्या भाषेला वेदीपर्यंत वाट मिळाली. मास्तर तेव्हा चौदा वर्षांचे. आपल्या आईने मराठी मिस्सेत पहिल्यांदा उत्तर दिलं, तेव्हा तिचा आवाज चर्चमध्ये आपण प्रथमच ऐकला, असं ते सांगतात. त्याआधी ती त्या वेळात माळेचे मणी ओढत असे.

पण भाषा आली तरी चाली लगेच आल्या नाहीत. कितीतरी गाणी बाहेरच्या चालींवर बसवलेली होती. लांब सूर नेमका ऱ्हस्व अक्षरावर यायचा, चाल थांबायची तिथे शब्द पुरा झालेला नसायचा. चाल परकी, शब्द आपले आणि श्वास दोघांच्या ओढाताणीत सापडलेला. मास्तरांनी चाली मोडल्या नाहीत. लोकांच्या त्या ओठांवर बसल्या होत्या. त्यांनी फक्त श्वासाची जागा हलवली. एखादा सूर अर्धी मात्रा आधी सोडायचा, एखादा पुढच्या शब्दाला जोडून घ्यायचा. प्रत्येक गाण्यासाठी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवून त्यांनी त्या जागा शोधल्या आणि मग चाळीस वह्यांमध्ये स्वतःच्या हाताने लाल खुणा केल्या. दुसऱ्या कुणाला करू दिल्या नाहीत.

त्यांच्या घरी फळीवर 'ख्रिस्तपुराण' असायचं. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण येशूची कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली. सुमारे 11 हजार ओव्यांचा तो ग्रंथ 1616 साली गोव्यात राशोलला छापला गेला, आणि गोव्याच्या चर्चमधून तो लोकांना ऐकवला जाई. मास्तर त्यातली एखादी ओवी म्हणून दाखवायचे आणि बोटं मोजायचे. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड, मोकळा. "हा चौथा आखूड का? तुमच्या आजीला जात्यावर दम घ्यायला जागा हवी म्हणून." छंदशास्त्र यावर काय म्हणेल मला सांगता येणार नाही. पण माझी आजी सणाच्या आधी तांदूळ दळायला बसली की मी कान देऊन ऐकायची, आणि चौथ्या चरणाला जात्याची घरघर खरोखरच क्षणभर एकटी उरायची.

सोळाव्या वर्षी मी कॉयर सोडला होता. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला एक कडवं एकटीने गायचं होतं आणि ते मलाच मिळणार असं सगळ्यांनी धरलं होतं. माझा आवाज तेव्हा माडीवरून वेदीपर्यंत सरळ जायचा. मास्तरांनी ते दुसऱ्या मुलीला दिलं, मला काही कारण सांगितलं नाही. त्या रात्री मी खाली, आईच्या शेजारी बसून ओठ घट्ट मिटून मिस्सा ऐकली. पुढचे चार महिने माडीवर गेले नाही, मास्तरांनीही बोलावलं नाही. वही मात्र त्यांच्याकडे राहिली होती.

उपवासकाळाच्या शेवटी ती त्यांनी माझ्या धाकट्या भावाच्या हाती पाठवली. आत पवित्र आठवड्याच्या गाण्यांवर लाल खुणांबरोबर नव्या निळ्या खुणाही होत्या. मी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "लांब ओळ एकाच्या दमात होत नाही. तुझी शेजारीण लालवर श्वास घेणार, तू निळ्यावर. ती थांबेल तेव्हा तू तिला धरायचं, तू थांबशील तेव्हा ती तुला. खाली बसलेल्यांना ओळ तुटलेली कळता कामा नये." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा दम मोठा आहे. म्हणून तुला मधे उभं करतो."

मी पुन्हा गेले ती पवित्र गुरुवारीच. त्या संध्याकाळी गौरवगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प होतात. घंटेच्या जागी लाकडी फळीची खटखट. मास्तर पायपेटीवर पांढरी चादर घालायचे. नियमाप्रमाणे गाण्याला आधारापुरतं वाद्य चालतं, पण ते तेवढंही घेत नसत. शुक्रवारी चाळीस गळे नुसते एकमेकांच्या भरवशावर उभे. आयुष्यात मी पुष्कळ संगीत ऐकलं, मुंबईच्या मोठ्या सभागृहांतही ऐकलं. त्या शुक्रवारी माझ्या डाव्या कानाशी शेजारणीने घेतलेला श्वास आणि तो संपेपर्यंत मी एकटीने धरलेला सूर, याच्या जवळ जाणारं दुसरं काही मला सापडलं नाही.

नंतर नोकरी, विरार लोकल, लग्न, दोन मुलं. पहिल्या बाळंतपणात नर्स "श्वास घ्या, श्वास घ्या" म्हणत होती आणि मी मनात गाण्याची ओळ धरून लाल खुणेची वाट बघत होते. 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पापडीचं चर्च कॅथेड्रल झालं, पायपेटी जाऊन कीबोर्ड आला. मास्तरांनी कीबोर्डला कधी नावं ठेवली नाहीत. वाजवणाऱ्या मुलाला तेवढं सांगायचे, "याला दम लागत नाही, तू आमच्याबरोबर घे."

एका वर्षी आम्ही वसईच्या किल्ल्यात गायलो, संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला. वसईत जन्मलेले हे संत 1597 साली नागासाकीत क्रुसावर मेले. किल्ल्यातल्या चर्चची छपरं गेली, 1739 साली मराठ्यांनी किल्ला जिंकल्यावर तिथल्या घंटाही देवळांत गेल्या. मास्तरांनी आम्हाला सहलीला मेणवलीला नेलं होतं, तिथे कृष्णेकाठी अशीच एक घंटा आहे. त्यांनी ती एकदाच वाजवायला लावली आणि नाद पुरता विरेपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही. किल्ल्यात उघड्या आभाळाखाली आवाज भिंतीवरून परत येत नाही, नुसता वर जातो. आपण काय गायलो ते आपल्यालाच ऐकू येत नव्हतं. आम्ही घाबरून ओरडायला लागलो, तेव्हा मास्तरांनी दोन्ही हात खाली केले आणि पोटावर ठेवले. एवढंच. आम्ही सावरलो.

मार्च 2020 मध्ये चर्चची दारं बंद झाली. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, माझे वडील गेले. शेवटचे सहा दिवस ते ऑक्सिजनवर होते. दफनाला आम्ही मोजकी माणसं, गायला कुणीच नाही. बाबा स्वतः पंधरा वर्षं कॉयरमध्ये खर्जात गायलेले. शवपेटी खाली उतरत असताना माझा फोन वाजला. मास्तर होते. "स्पीकरवर ठेव," म्हणाले, आणि फोनवरून त्यांनी अखेरच्या निरोपाचं गाणं सुरू केलं. पहिल्या खुणेशी ते थांबले. त्या थांबण्यात त्यांचा श्वास मला स्पष्ट ऐकू आला. मी दुसऱ्या ओळीपासून त्यांच्याबरोबर धरलं, तोंडावरच्या मास्कमधून. मधे कुठे तरी ते रडले असावेत, कारण एका खुणेशी त्यांना उशीर झाला. तेवढा वेळ मी सूर सोडला नाही.

त्यांनी कॉयर का सोडला, हे त्यांनी मला परवा सांगितलं. लोक वय म्हणतात, गुडघे म्हणतात, माडीच्या पायऱ्या म्हणतात. मास्तर म्हणाले, "पाम संडेला मी शब्द मोडला. कुणाला कळलं नाही, पण मी मोडला." पुढे काही बोलले नाहीत. आतून चहा आला, आम्ही तो घेतला.

आता कॉयर ज्या मुलीकडे आला आहे, ती पंचविशीची आहे, संगीत रीतसर शिकली आहे. वह्या आता नाहीत. गाण्याचे शब्द वेदीच्या बाजूच्या पडद्यावर येतात. मी माझी वही घेऊन तिच्याकडे गेले. तिने पानं उलटली, मोबाईलवर फोटो काढले, दोन-तीन जागांबद्दल विचारलं. पुढच्या रविवारी पडद्यावरच्या ओळींवर छोटे लाल स्वल्पविराम होते.

निरोपाच्या मिस्सेला मी शेवटी भाषण केलं नाही. शेवटचं गाणं सुरू होण्याआधी "मास्तर, आभारी आहोत," एवढंच माडीवरून म्हटलं आणि आम्ही गायला लागलो. मास्तर 46 वर्षांत पहिल्यांदाच खाली, लोकांमध्ये बसले होते, उजवीकडच्या चौथ्या बाकावर. माडीवरून फक्त पाठी दिसतात. त्यांची पांढऱ्या सदऱ्यातली पाठ मला नीट दिसत होती. पहिली ओळ संपली, पडद्यावर लाल खूण आली. साऱ्या चर्चने श्वास घेतला, आणि मास्तरांचे खांदे वर गेले.