चावी काढली तरी

चावी फिरवली की डिझेल बंद होतं, इंजिन नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. दाबून तापलेल्या हवेत इंधन आपलं आपण पेटतं. त्यामुळे तेल दुसरीकडून मिळू लागलं, की इंजिन ड्रायव्हरचं ऐकत नाही.

०

दुसरीकडून म्हणजे बहुधा टर्बोतून, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरमधून. सील गेलं की इंजिन ऑइलच हवेबरोबर आत जातं. रेस चढते, निळसर पांढरा धूर कोंदतो, आणि रेस जितकी चढेल तितकं ऑइल जास्त ओढलं जातं. हे ऑइल संपेपर्यंत चालतं, नाहीतर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईपर्यंत. नागपूरजवळच्या वाडीतल्या मिस्त्रीच्या भाषेत, "ते आता आपलंच तेल पिऊन रायलं भाऊ, चावी काढून का करता?"

०

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे कोळसा, राख वाहणाऱ्या गाड्यांचा एअर फिल्टर लवकर चोंदतो. चोंदला की आतली ओढ वाढते आणि टर्बोच्या सीलमधून ऑइल खेचलं जातं. असा फिल्टर टायरवर आपटून पुन्हा बसवणं म्हणजे शंभर रुपयांसाठी लाखाशी खेळणं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून ऑइल ओतणारे त्याच पंगतीतले.

०

असं इंजिन थांबवायचं तर हवा तोडायची. इनटेकच्या तोंडावर जाड फळी घट्ट दाबायची, किंवा सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा. हात लावायचा नाही. चिंधीही नाही, ती गिळली जाते. इनटेकला मऊ रबरी होज असेल तर तो ओढीने चपटा होतो, फाटतो, की पुन्हा हवा मोकळी.

गिअरची गाडी उभी असेल, पुढेमागे कोणी नसेल आणि रेस नुकतीच चढत असेल, तर ब्रेक पूर्ण दाबून टॉप गिअरमध्ये क्लच सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडतं. ती वेळ टळली असेल तर सरळ लांब पळावं, आणि बघ्यांनाही हाकलावं. मोबाइल काढून उभे राहणारे नेमके इंजिनाच्या बाजूलाच असतात.

०

दोष टर्बोत नसून डिझेल पंपाचा इंधन कमीजास्त करणारा रॅक अडकला किंवा वेग आवरणारा गव्हर्नर बिघडला, तर गोष्ट सोपी: डिझेल तोडलं की काम झालं. रेल्वेच्या जुन्या अल्को इंजिनांतली ओव्हरस्पीड ट्रिप हेच करते. टर्बोतून येणाऱ्या ऑइलपुढे मात्र तिचं काही चालत नाही.

०

कधी इंजिनात सगळं ठाकठीक असतं, पण बाहेरच्या हवेतच इंधन असतं. २३ मार्च २००५, अमेरिकेतली टेक्सास सिटी रिफायनरी: बाहेर सांडलेल्या तेलाची वाफ जवळ चालू उभ्या असलेल्या डिझेल पिकअपने ओढली, इंजिन बेफाम झालं. स्फोटात १५ माणसं गेली. ठिणगी बहुधा त्या पिकअपचीच. तेल डेपोत भरताना गाडी बंद ठेवायला सांगतात, ते एवढ्यासाठीही. आणि गॅसचा वास आला, तर गाडी हलवायला म्हणून स्टार्टर मारू नये. तिथेच सोडून वाऱ्याच्या उलट दिशेने चालत निघावं.