हिरडीतून थेट धमनीत!

"तीन, दोन, तीन, पाच, सहा..." दातांच्या डॉक्टर एक बारीक, बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद घालत होत्या, आकडे सांगत होत्या, आणि त्यांची मदतनीस ते लिहून घेत होती. तोंडात नळी, त्यामुळे विचारायचीही सोय नाही! खुर्चीतून उठल्यावर कळलं, ते मिलिमीटर होते. निरोगी हिरडीत ही फट तीनपर्यंत. चार-पाचच्या पुढे गेली की आत जंतूंचं बस्तान असण्याची शक्यता मोठी. हाच आपला पायरिया. आणि मग मॅडमनी सहज विचारलं, "एवढ्यात शुगर तपासलीत का?"

दाताचा आणि साखरेचा काय संबंध? त्या रात्री वाचायला बसले आणि उठवेचना.

ऐका तर! हिरड्यांचा रोग तोंडभर पसरला, तर या फटींच्या आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं. एवढी जखम पायाला झाली असती तर आपण लंगडत दवाखाना गाठला असता. इथे दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं गुलाबी चूळ थुंकतो आणि कामाला लागतो! या जखमेवर शरीर मात्र रोज लढत असतं. जंतू आणि दाह पेटवणारी रसायनं रक्तात उतरतात, यकृताला खबर जाते आणि ते सीआरपी नावाचं प्रथिन वाढवतं. होय, डॉक्टर रक्ताच्या तपासणीत बघतात तेच सीआरपी.

आणि आता ज्याने माझी झोप उडवली तो प्रयोग. लंडन, २००७. हिरड्यांचा तीव्र रोग असलेली १२० माणसं. निम्म्यांचे दात नेहमीसारखे वरवर साफ केले, निम्म्यांची मुळांपर्यंत कसून सफाई केली. मग दंडाच्या धमनीकडे बघितलं. हो, दंडाच्या! पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवायचा, सोडायचा आणि धमनी किती फुलते ते अल्ट्रासाउंडवर मोजायचं. दुसऱ्या दिवशी कसून सफाई झालेल्यांची धमनी उलट कमीच फुलली, कारण ढवळाढवळीने दाह क्षणभर भडकला होता. पण सहा महिन्यांनी तीच धमनी दुसऱ्या गटापेक्षा छान फुलत होती! सफाई हिरडीची, आराम दंडातल्या धमनीला. मी ते पान तीनदा वाचलं.

साखरेचं तर दोन्ही बाजूंनी आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांच्या दाहामुळे इन्सुलिनचं काम अडतं. २०२२मध्ये तीसहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. हिरड्यांवर उपचार झालेल्यांची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, तीन-चार महिन्यांत सुमारे ०.४ टक्क्याने उतरली होती. औषधाला पर्याय नव्हे, पण दात साफ करून एवढं?

उत्साहात वाहवत जाण्याचाही इतिहास आहे बरं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाचा डॉक्टर वेड बरं करायला रुग्णांचे दात उपटत असे! म्हणून सांगते, हृदयविकार आणि हिरड्या यांचं नातं वारंवार दिसलं असलं, तरी दात साफ केल्याने हार्ट अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली नाहीत, हेही २००६च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. धूम्रपान, वय, गरिबी ही कारणं हिरड्यांच्या आणि हृदयाच्या अशा दोन्ही रोगांमागे असतात.

पण हिरडी दाद देते, आणि किती लवकर! १९६५मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी धडधाकट माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात ठीक झाल्या. फटी खोल होऊन हाड झिजलं की मात्र ते सहजासहजी भरून येत नाही. दवाखान्यातल्या सफाईने, म्हणजे स्केलिंगने, दात ढिले होतात म्हणतात ना? कीटण निघाल्यावर आधीच झिजलेला आधार उघडा पडतो, एवढंच.

तेव्हा घासताना रक्त येत असेल तर पेस्ट बदलून गप्प बसू नका, फटी मोजून घ्या. सिगारेट ओढणाऱ्यांनो, तुमच्या हिरडीतून रक्त कमी येतं ते तंबाखूमुळे, त्यावर विसंबू नका. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर पुढच्या वेळी शुगरच्या डॉक्टरांना हिरड्यांबद्दल आपणहून सांगा.