पैनगंगेला होडी नाही

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकविताना आम्ही वर्गात एल. टी. सी. रोल्ट यांच्या ‘नॅरो बोट’ या १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा उल्लेख केला. इंग्लंडच्या मध्यभागातील जुन्या कालव्यांवरून, जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब अशा होडीत संसार थाटून, माणसाच्या चालीने केलेला तो प्रवास. होडी चढण कशी चढते, हे सांगण्यासाठी फळ्यावर लॉकची आकृतीही काढली. दोन दरवाजे, मध्ये हौद. होडी आत आली की खालचा दरवाजा लावायचा, वरचे पाणी हौदात सोडायचे आणि पाण्याबरोबर होडी वर उचलली गेली की वरचा दरवाजा उघडायचा. आकृती बरी जमली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, तुम्ही कधी होडीत बसलात का?”

आम्ही पती-पत्नी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवितो. भवसागर, पैलतीर, नावाडी हे शब्द आमच्या तोंडी रोजचे. संतांची नौका आम्ही असंख्य वेळा पैलतीराला नेली असेल. पण वाशिमच्या पठारावर वाढलेल्या आम्हां दोघांचेही पाय होडीला कधी लागले नव्हते. आणि प्रश्न विचारणारी मुलगी पैनगंगेच्या काठच्या गावातली होती. आदल्या पावसाळ्यात नदीला पूर आला, वाट बंद झाली आणि तिचा एक पेपर बुडाला होता. तिच्या प्रश्नात खोडसाळपणा नव्हता. म्हणूनच तो आम्हांला लागला.

वाशिमचे पाणी मोठे गमतीचे आहे. याच पठारावर उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेत जाते आणि तापीच्या वाटेने अरबी समुद्र गाठते. दक्षिणेची पैनगंगा मात्र वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेसह प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. म्हणजे आमच्या अर्ध्या अंगणाचे पाणी बंगालच्या उपसागराचे. याच पाण्याच्या वाटेने वऱ्हाडचा कापूस समुद्राला नेण्याचा घाट एकदा घातला गेला होता, हे आम्हांला त्या मुलीच्या प्रश्नानंतर शोधाशोध करताना नीट उमगले.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याच सुमारास, १८५२ मध्ये, गोदावरीवरील धवलेश्वरमचा बंधारा पुरा झाला. तो बांधणाऱ्या अभियंत्याचे आडनावच कॉटन. आर्थर कॉटन यांचा रेल्वेपेक्षा जलमार्गावर विश्वास होता. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्या नौकांना खुल्या केल्या तर कापूस स्वस्तात किनाऱ्याला पोहोचेल, असे त्यांचे म्हणणे. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी. तेथे बंधारे, वळसा घालणारे कालवे आणि लॉक अशी योजना आखली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना तडफडू लागल्या, तेव्हा या योजनेला जोर चढला. पण १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली, कापूस मुंबईच्या वाटेला लागला आणि १८७१ साली गोदावरीचे काम सोडून देण्यात आले.

हिवाळ्याच्या सुटीत आम्ही भद्राचलमला गेलो. पहिल्या संध्याकाळी दुम्मागुडेमचा दगडी बंधारा पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवरमच्या धक्क्यावरून लाँचमध्ये चढलो. चाळिशी उलटलेली दोन माणसे फळीवरून आत जाताना एकमेकांचा हात घट्ट धरून होती, हे सांगण्यात संकोच नाही.

लाँच म्हणजे दुमजली, इंजिनाची, कर्ण्यावर तेलुगू सिनेगीते वाजविणारी. रोल्ट यांच्या नॅरोबोटीशी तिचे नाते एवढेच की दोन्ही पाण्यावर चालतात. तरीही पहिल्या अर्ध्या तासात एक गोष्ट ध्यानात आली. आजवर आम्ही नदी पाहिली ती पुलावरून, एसटीच्या खिडकीतून, अर्धा मिनिट. पुलावरून नदी म्हणजे ओलांडायची जागा. पाण्यातून पाहताना तीच रस्ता होते आणि काठ आपल्याला ओलांडून जातात. वाळूचे पट्टे, भाजीचे वाफे, कपडे धुणाऱ्या बाया, पाण्यात उभ्या म्हशी, सारे नदीकडे तोंड करून होते. पुढे पापी टेकड्या जवळ आल्या, पात्र आवळत गेले, पाणी काळसर हिरवे झाले. कर्णा मध्येच थांबला तेव्हा इंजिनाच्या आवाजाला दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून उत्तर येऊ लागले.

दुपारी जेवण वाढणारा स्वयंपाकी आमचे बोलणे ऐकून थबकला. तो आदिलाबादकडचा निघाला, मराठी बोलणारा. आम्ही पैनगंगेकाठच्या जिल्ह्यातले आहोत म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. “ती तर आमचीच नदी,” तो म्हणाला. मग सहज विचारले, “वरती पाणी हाय का आता?”

आम्ही काय सांगणार? हिवाळा सरता सरता आमच्याकडे पैनगंगेचे डोह उरतात. पावसाळ्यात ती वाट अडविते आणि उन्हाळ्यात घसा कोरडा ठेवते. त्या भल्या माणसाच्या प्रश्नात कॉटनसाहेबांच्या अपयशाचे अर्धे कारण होते. इंग्लंडचे कालवे माणसाने खणलेले. त्यांचे पाणी तलाव राखून बारमाही पुरविलेले. आमच्या नद्या चार महिने जगतात. त्यांच्याकडून कालव्याची शिस्त मागणे ही चूक होती. पण उरलेले अर्धे कारण आमच्याही पदरी येते. इंग्लंडमध्ये रेल्वेने, पुढे मोटारींनी कालव्यांचा धंदा बुडविला. तरी ते साफ मेले नाहीत. रोल्ट यांच्यासारख्यांनी १९४६ मध्ये संस्था उभारली, माणसे चिखल उपसू लागली, दरवाजे दुरुस्त करू लागली. उपयोग संपल्यावरही त्यांना कालवा हवासा वाटला. आम्हांला आमची नदी कापसासाठी हवी होती की नाही, हे परक्यांनी ठरविले. आणि नुसती नदी म्हणून ती हवी आहे का, हे आम्ही स्वतःला कधी विचारलेच नाही. कवितेत मात्र ती हवीच असते.

पेरंटालपल्लीचे शिवमंदिर पाहून लाँच परत फिरली. या काठांचेही दिवस मोजलेलेच आहेत. खाली पोलावरमचे धरण पूर्ण भरले की यातील कितीतरी गावे पाण्याखाली जातील. परतताना आम्ही फारसे बोललो नाही. सिनेगीते चालूच होती.

सुटीनंतर वर्गात सारे सांगितले. २०१६ च्या कायद्याने देशात जे १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यांत पैनगंगा–वर्धेचेही नाव आहे, हेही सांगितले. वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. वही मिटून तिने विचारले, “मग मॅडम, आमच्या गावाला निदान एक होडी मिळेल का? परीक्षेपुरती?”

फळ्यावर लॉकची नवी आकृती अर्धवट काढलेली होती. ती पुरी करण्याचे आम्हांला सुचले नाही.