पेन्शनीचा मोहोर

रत्नागिरीचा आजवरचा सर्वांत नामवंत पेन्शनर म्हणजे थिबा राजा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 साली गादीवरून उतरवलं आणि पुढे आमच्या गावी आणून ठेवलं. 1916 मध्ये तो इथेच वारला. तोवर त्याचा एक नित्याचा उद्योग होता, तो म्हणजे पेन्शन पुरत नाही म्हणून सरकारकडे अर्ज करणं. पण त्याची पेन्शन शेअर बाजाराच्या लहरीवर नव्हती. माझी आहे.

जुनी पेन्शन सरळ स्वभावाची होती. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. हिशेब शेंबड्या पोरालाही जमावा. नव्याने नोकरीत येणाऱ्यांसाठी ती बंद करताना मुहूर्त मात्र नामी निवडले. केंद्राने धरला 1 जानेवारी 2004, म्हणजे नववर्षाची भेट. महाराष्ट्राने धरला 1 नोव्हेंबर 2005. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं! आणि आम्हा बँकवाल्यांसाठी 1 एप्रिल 2010. या तारखेबद्दल मी काही बोलत नाही.

मी बँकेत लागलो 2011 साली. तेव्हापासून दरमहा पगारातून पैसे कापले जातात, बँक आपला वाटा घालते आणि ती रक्कम रोख्यांत नि शेअरांत जाते. साठाव्या वर्षी जमलेल्या पुंजीतला ठरावीक हिस्सा विमा कंपनीला द्यायचा आणि पेन्शन विकत घ्यायची. किती मिळेल? ते तेव्हाचा बाजार सांगेल. म्हणजे जुन्या माणसाच्या दारात आंब्याची पेटी येते आणि माझ्या हातात कलम दिलंय. मोहोर टिकला तर टिकला, तुडतुडे पडले तर माझं नशीब!

माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आमच्याकडे राहायला आले, की सकाळी पेपरातलं बाजारभावाचं पान उघडून विचारतात, "जावईबापू, तुमचं म्हातारपण आज वर आहे की खाली?"

"बाबा, चहा घ्या," असं म्हणून बायको विषय बदलते. पण उत्तर तिलाही ऐकायचं असतं.

सरकार म्हणतं, तिजोरीला बोजा झेपत नाही. मी बी. कॉम. झालोय, बोजा मलाही दिसतो. पण जमाखर्चात रक्कम इकडून काढली की तिकडे मांडावी लागते. बोजा नाहीसा झालेला नाही, तो फक्त माझ्या नावे पडला. एवढी मोठी तिजोरी ज्याला घाबरली, ते एका कारकुनाने एकट्याने पेलायचं! माजी आमदारांची पेन्शन मात्र त्याच तिजोरीला जड होत नाही.

मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत सात दिवस संपावर गेले, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'एकीकृत' योजना जाहीर केली. पंचवीस वर्षं नोकरी झाली, की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. राज्यानेही लगेच मान डोलावली. वीस वर्षं फिरून गाडी पुन्हा निम्म्यावरच आली!

सासरे म्हणाले, "हे उत्तर आम्ही पोरांना पहिल्याच ओळीत लिहायला सांगत होतो."

आम्हा बँकवाल्यांचं मागणं फार नाही. आकडा लहान का असेना, पण आधी सांगा. थिबा राजाला 'अमुक रक्कम पुरत नाही' असं निदान लिहिता तरी येत होतं. आमच्या अर्जात रकमेची जागाच कोरी आहे.