वाटीच्या बुडाशी

आमच्या मुलुंडच्या घरात चांदीची भांडी मोजकीच. एक ताट, दोन वाट्या, एक फुलपात्र आणि देवाची पळी-पंचपात्री. पण त्यांवर नावांची गर्दी मोठी. ताटावर टिंबाटिंबांनी आजोबांचे नाव आणि लग्नाची तिथी, फुलपात्रावर ‘मामांकडून सप्रेम भेट’, एका वाटीवर बाबांच्या बारशाचे साल. देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे. ज्याने ती ठोकून ठोकून घडवली, त्याचे मात्र कुठेच नाही.

आजी गेल्यावर वाटण्यांचा विषय निघाला तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. २०२५ साल होते. चांदी किलोला लाखाच्या पुष्कळ वर गेलेली. बाबा, काका आणि आत्या असे तीन वाटेकरी, ताट एक. ते मोडावे असे ठरले. मी आईबरोबर स्टेशनजवळच्या सराफांकडे गेले. त्यांनी ताट तोलले, टंच पाहिला, घट किती धरणार ते सांगितले. घडणावळीचे काही मिळत नाही; मोडीत वजन तेवढे उरते. सोबत नेलेली दुसरी वाटी त्यांनी उलटी केली, तर बुडाशी नखाएवढा पुसट ठसा! मी हरखून विचारले, “हा कारागिराचा का हो?”

“नाही ताई, पेढीचा. करणारे मागच्या खोलीत बसायचे.”

इंग्लंडात १३०० सालच्या कायद्याने चांदी तपासून तिच्यावर बिबळ्याचे तोंड उमटवणे सुरू झाले, आणि १३६३ पासून घडवणाऱ्यालाही स्वतःची खूण लावणे भाग पडले. पुढे सालाचे अक्षर आले. हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याची खूण म्हणून सिंह आला. १७७३ पासून बर्मिंगहॅमचा नांगर आला. तिथला जुना चमचा भिंगाखाली धरला की गाव, साल आणि कारखाना तिन्ही कळतात. आपल्याकडे साल कळायला कुणाचे तरी बारसे लागते! अर्थात तिथेही पुष्कळदा खूण कारखान्याच्या मालकाची. हातोडी कुणाच्या हातात होती, ते तीही सांगत नाही.

आपल्या मानक संस्थेने चांदीसाठी हॉलमार्क २००५ साली आणला. तो अजून ऐच्छिकच आहे. सप्टेंबर २०२५ पासून त्यात सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही आला. गिऱ्हाईक फसू नये म्हणून ही सोय उत्तमच. पण कारागीर त्या क्रमांकातूनही डोकावत नाही.

ज्याचे नाव राहिले असा एक जण मला सापडला, तो शेजारधर्मामुळे. मुलुंडात कच्छी वस्ती मोठी. आमच्या शेजारच्या बांकडे माहेरची अत्तरदाणी आहे. तिच्यावर वेलबुट्टी इतकी दाट, की बोट टेकायला कोरी जागा नाही. राळेवर पत्रा बसवून ठोशांनी उठवलेले हे काम. त्याबद्दल वाचताना उमरशी मावजी भेटले. एकोणिसाव्या शतकात भूजला ते कच्छच्या रावांचे चांदीकार होते. किटलीच्या कानाला नाग गुंडाळावा तो त्यांनीच. आपल्या कामावर ते इंग्रजी अक्षरांत ‘ओ. एम्.’ आणि ‘भूज’ असे ठोकत. आज संग्राहक ती दोन अक्षरे शोधत फिरतात. साहेबाच्या टेबलावर जाणाऱ्या भांड्याला सही हवी, म्हणून ती आली असावी, असा माझा तर्क.

बांच्या अत्तरदाणीला मी भिंग लावले. ठसा नव्हता. बा हसल्या. “अगं, आमचा सोनी रोज ओट्यावर येऊन बसायचा. त्याला सही कशाला?”

मला उत्तर सुचले नाही. तो ओटा राहिला नाही, सोनीही राहिला नाही. बांना त्याचे नाव आठवते का, हे विचारायचे मात्र मी टाळले.

ताट मोडले. त्याबरोबर आजोबांचे टिंबांतले नावही वितळले. ठशाची ती वाटी बाबांच्या हिश्श्यातून वजा करून आम्ही ठेवली. पुरणपोळीच्या दिवशी तिच्यात तूप असते. उजेडात धरली की मठारल्याचे ठोके दिसतात. एका अंगाला दाट, दुसऱ्या अंगाला विरळ. आई म्हणते, करणारा डावखुरा असेल.