खवट लॅव्हेंडर

संपादकांनी 'सौंदर्यप्रसाधने आणि त्वचा' असा ऐसपैस विषय दिला होता. मी त्यातलं एकच तेल उचललं आहे, कारण पारनेरच्या माझ्या दवाखान्यात गेली काही वर्षं ते सारखं पुढ्यात येतंय. तालुक्यातल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला आहे. ही मंडळी दिवाळीला गावी येतात तेव्हा मिठाईसोबत लॅव्हेंडरचा साबण, बाळाच्या मालिशचं तेल, झालंच तर शुद्ध तेलाची अंगठ्याएवढी बाटलीही येते. आणि मग प्रश्न येतो, "मॅडम, नैसर्गिक आहे, याने काय होणार?" हे ऐकून मी खरोखर थकले आहे. गाजरगवतही नैसर्गिकच आहे. त्याने चेहरा आणि मान काळवंडून कातडी जाड झालेले शेतकरी याच तालुक्यातून माझ्याकडे येतात.

लॅव्हेंडरबद्दल लोकांना भीती आहे, पण ती भलत्याच गोष्टीची. मोबाइलवर फिरणारा निरोप सांगतो की या तेलाने मुलग्यांची छाती वाढते. त्याचं मूळ 2007 सालच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या लेखात आहे. अमेरिकेतल्या तीन मुलग्यांना वयात येण्याआधीच स्तनवाढ झाली होती. तिघांच्याही वापरात लॅव्हेंडर किंवा टी ट्री तेल असलेली उत्पादनं होती आणि ती बंद केल्यावर वाढ ओसरली. संशोधकांनी एमसीएफ-7 या, स्तनाच्या कर्करोगापासून वाढवलेल्या पेशींवर ही तेलं तपासली. इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम दिसला, अँड्रोजेनला विरोधही दिसला. 2019 मध्ये त्याच धर्तीवर आणखी काही मुलांच्या नोंदी आल्या.

पण काचेच्या ताटलीतली पेशी म्हणजे मूल नव्हे. 2013 मध्ये उंदरांच्या अल्पवयीन माद्यांच्या त्वचेवर लॅव्हेंडर तेल लावून त्यांच्या गर्भाशयाचं वजन पाहिलं गेलं. इस्ट्रोजेनचा परिणाम मोजण्याची ही जुनी, विश्वासाची चाचणी आहे. वजन वाढलं नाही. 2022 मध्ये ही तेलं वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या मुलांची तुलना झाली, तिथेही संप्रेरकांच्या विकारांत फरक आढळला नाही. माझा कल याच बाजूला आहे.

तरीही एक मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. वय सात, एका स्तनाग्राखाली दुखरी गाठ. आजी रोज लॅव्हेंडरच्या तेलाने मालिश करायची. नगरला तपासण्या झाल्या, संप्रेरकं ठीक निघाली. तेल बंद केलं आणि काही महिन्यांत गाठ विरली. घरच्यांच्या लेखी निकाल लागला. मी मात्र त्याच्या कागदावर 'कारण अज्ञात' असंच लिहिलं आहे, कारण या वयातल्या बऱ्याच गाठींचं कारण सापडत नाही आणि काही आपसूक ओसरतात. त्या मुलाला पुन्हा तेल लावून खात्री करून घेणं कुठल्याही डॉक्टरला शोभणार नाही. त्यामुळे ही शंका राहणारच.

ज्याबद्दल मला शंका नाही, त्याबद्दल कुणी विचारत नाही. ती आहे ॲलर्जी. लॅव्हेंडर तेलाचा मोठा हिस्सा लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट या दोन रसायनांचा असतो. ताजं लिनॅलूल त्वचेला फारसं छळत नाही. बाटली उघडली, हवा लागली की त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात. ती त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि आपली प्रतिकारयंत्रणा त्यांना परकं म्हणून लक्षात ठेवते. पहिल्यांदा काहीच होत नाही. नंतर कधीतरी तेच तेल लावल्यावर एक-दोन दिवसांनी खाज, लाली, लस. ही आठवण सहसा जन्मभर टिकते. स्वीडनच्या गॉटेनबर्ग विद्यापीठात ॲन-थेरेसे कार्लबर्ग यांच्या गटाने हे वर्षानुवर्षं उलगडलं. लॅव्हेंडर तेलाला हवेपासून स्वतःचं असं संरक्षण नाही, हेही तिथूनच 2008 मध्ये पुढे आलं. शेंगदाण्याचं तेल खवट झालं की नाकाला कळतं. लॅव्हेंडर बिघडलं तरी वास छानच येत राहतो.

म्हणून 'केमिकल-फ्री' ही पाटी पाहिली की माझा संताप होतो. सुगंध उद्योगाच्या इफ्रा या जागतिक संघटनेनेच लिनॅलूलमधल्या पेरॉक्साइडांवर लिटरला 20 मिलिमोलची मर्यादा घातली आहे आणि तेल टिकावं म्हणून बीएचटी किंवा ई-जीवनसत्त्व घालायला सुचवलं आहे. ते 'केमिकल' म्हणून वगळायचं, तेल हवेत बिघडू द्यायचं आणि ती बाटली जास्त शुद्ध म्हणून जास्त भावाने विकायची, हा उफराटा न्याय आहे.

गावातली एक ब्यूटी पार्लरवाली बाई दोन्ही हातांची बोटं चिरलेली घेऊन आली. आधी गजकर्ण समजून तिने मेडिकलमधून ट्यूब आणून चोळली होती. त्यात स्टेरॉइड होतं, त्यामुळे चार दिवस बरं वाटायचं, मग दुप्पट. पाठीवर पॅच टेस्ट लावली. 48 तास अंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. (कांद्याच्या लागणीत शेतकरी बायकांना ही टेस्ट करून घ्या म्हणणं अशक्यच असतं.) निकाल कोरा. इथे पुष्कळदा फसगत होते. 'फ्रॅग्रन्स मिक्स' नावाच्या नेहमीच्या मिश्रणात आठ सुगंधी द्रव्यं असतात, त्यांत लिनॅलूल नाहीच! मग तिच्याच पार्लरमधलं, बदामतेलात मिसळलेलं लॅव्हेंडर तिला कोपराच्या खळगीत रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावायला सांगितलं. चौथ्या दिवशी तिथे पुरळ आलं. मूळ बाटली खिडकीत, उन्हात, बूच सैल.

जपानमध्ये 1997 च्या सुमारास उशीत, कपाटात वाळलेली लॅव्हेंडरची फुलं ठेवायची टूम निघाली आणि त्याच काळात तिथल्या पॅच टेस्टमध्ये लॅव्हेंडरची ॲलर्जी एकाएकी वाढली. आपल्याकडे ती टूम आता आली आहे.

युरोपात 2003 च्या नियमाने लिनॅलूल धरून 26 सुगंधी द्रव्यांची नावं वेष्टनावर छापणं बंधनकारक झालं. लावून ठेवायच्या क्रीममध्ये 0.001 टक्क्याच्या वर असलं तरी. 2023 च्या नियमाने त्या यादीत खुद्द लॅव्हेंडर तेलही आलं. आपल्या कित्येक वेष्टनांवर नुसतं 'परफ्यूम' लिहिलेलं असतं. त्यातून रुग्णाने काय ओळखायचं आणि मी तरी काय?

निरोगी त्वचेच्या माणसाने धुऊन टाकायचा लॅव्हेंडरचा साबण वापरला तर माझी हरकत नाही. शुद्ध तेल थेट अंगाला लावू नका. इसब असलेल्या बाळाला कुठलंच सुगंधी तेल नको. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा, बूच घट्ट लावून अंधारात, थंड जागी ठेवा, वर्ष उलटलं की टाकून द्या. गेल्या दिवाळीतली उरलेली बाटली यंदाच्या अभ्यंगाला काढू नका. आणि अंगावर चट्टे उठलेच तर मेडिकलमधून ट्यूब आणू नका. दवाखान्यात या, येताना ती बाटली आणि असेल तर तिचं खोकंही सोबत आणा.